सोफ्याखाली गेलेला चेंडू

जळगावात सॉफ्टबॉलचा सामना पाहायला मुख्यतः खेळाडूंचे आईबाप येतात. बाकीचे येतात ते इथे क्रिकेट असेल अशा समजुतीनं, आणि चुकून बसलोय हे कळलं की हळूच उठून जातात. मी मात्र नेमानं जाते, पंचांवर ओरडते आणि घसा बसवून घरी येते. माझी भाची जळगावच्या मुलींच्या संघात पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकते. ती शिंदखेड्याकडची, शिकायला माझ्याकडे राहते. तिच्यामुळे मला हे वेड लागलं आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त आहे.

तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भाऊजींना, हे सगळं उपद्व्याप वाटतं. यंदा त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, विभागाचा कप आणलास तर पुढे खेळ, नाही तर बारावीनंतर बंद. भाऊजी एकदा बोलले की देव आला तरी बदलत नाहीत. त्यामुळे धुळ्याविरुद्धच्या अंतिम सामन्याला मी कचेरीत पोटदुखीची रजा टाकून गेले, आणि पोट खरंच दुखत होतं.

सहा डाव झाले तेव्हा जळगाव चार, धुळे एक. सातवा डाव शेवटचा, आणि त्यातली आमची बॅटिंग कोरडीच उरकली होती. त्यात धुळ्याच्या तीन मुली बाद केल्या की कप आमचा. भाचीचा हात असा काही तापला होता की धुळ्याच्या मुलींना चेंडू दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. आणि नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे आले.

आमच्याकडे लग्नसराईत पुढाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. एका मांडवात अक्षता टाकायच्या, माइकवरून स्वतःचं नाव ऐकायचं आणि पुढच्या मांडवाकडे पळायचं. साहेबांचीही अजून लग्नं बाकी होती. तेव्हा आयोजकांनी डोकं लढवलं. बक्षीस समारंभ आत्ताच उरकून टाकू, राहिलेला डाव मागाहून खेळून घेऊ. मी ओरडले, ‘‘अहो, अजून जिंकलं कोण ते ठरलं नाही!’’ आयोजक समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘ताई, तुमचंच जळगाव पुढे आहे. तुम्ही कशाला बोलता?’’

मग मैदानाच्या आतच सोफा आला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. साहेबांचा सत्कार झाला, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला, पंचांनाही एकेक टोपी मिळाली. साहेबांनी भाषणात मुलींना भरपूर षटकार मारायला सांगितलं. सॉफ्टबॉलमध्ये षटकार नसतो हे त्यांच्या कानात सांगायला जो कार्यकर्ता वाकला, त्याला त्यांनी नमस्कार केला. शेवटी भाचीच्या हातात कप देऊन फोटो निघाला. धुळ्याच्या मुलींना उपविजेतेपदाची ढाल मिळाली. त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

साहेब गेले. त्यांच्यामागून आयोजक, माइकवाला आणि निम्मं पब्लिक गेलं. राहिला तो सोफा, कारण मंडपवाल्याचा टेम्पो आला नव्हता.

आणि सातव्या डावातली धुळ्याची बॅटिंग सुरू झाली. इतका वेळ उभं राहून भाचीचा हात पार गार पडला होता. चार चेंडू चुकले की समोरचीला फुकट बेस मिळतो. तिनं अशा तिघींना चालत पाठवलं आणि तिन्ही बेस भरले. तरीही पोरीनं दात-ओठ खात पुढच्या दोघींना बाद केलं. एकच बाद हवी होती, एकच! धुळ्याच्या पुढच्या मुलीनं सगळा राग त्या बॅटमध्ये घातला. चेंडू घरंगळत गेला तो थेट साहेबांच्या सोफ्याखाली. आमच्या संघातली एक मुलगी पोटावर झोपून हात घालतेय, आणि इकडे धुळ्याच्या चौघी एकीमागून एक होम बेसवर पोचल्या. चार धावा. धुळे पाच, जळगाव चार. पंच नव्या टोपीखालून म्हणाले, ‘‘सोफा मैदानात, चेंडू मैदानात, खेळ चालू.’’ मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाचीनं स्वतः जाऊन कप धुळ्याच्या कप्तानाला दिला आणि ढाल घेतली. रडली नाही. रडत मीच होते.

इतक्यात माझा फोन वाजला. भाऊजी. फोटो केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवरून शिंदखेड्याला पोचला होता. ‘‘बठ्ठा गाव पेढा खाई राहिना! मनी आंडेर चॅम्पियन शे!’’ जन्मात पहिल्यांदा ते लेकीबद्दल असे बोलत होते. मी फोनवर हात धरून भाचीला म्हटलं, ‘‘गप्प बस. फोटो आहे ना? राहू दे तसंच.’’ मला त्यात जराही पाप वाटलं नाही. आमचा कप सोफ्यानं पळवला होता.

तिनं फोन माझ्या हातातून घेतला. माझ्याशी ती शहरी बोलते, वडिलांशी घरचं. ‘‘आबा, फोटो काढा तवय खेळ बाकी व्हता. नंतर आम्ही हारनूत.’’

मीही फोनला कान लावला. पलीकडे पेढे खाणाऱ्यांचा गलका मागे पडत गेला. मग भाऊजींचा दबका आवाज आला, ‘‘कोणले सांगू नको. मी बठ्ठास्ले सांगी टाकं. आते तू खेय. बंद करं ते लोक इचारतीन, चॅम्पियन पोर घर का बसाडी?’’

फोन बंद झाला. मी तिला मिठीच मारली. ज्या साहेबांना दुपारभर शिव्या घातल्या, त्यांच्या घाईनंच पोरीचा खेळ वाचवला होता. त्यांचे आभार मानायचे या विचारानं माझं अंग जळत होतं, तरी मी हसत होते. ‘‘अगं, मिळालं ना खेळायला!’’

तिनं माझे हात बाजूला केले आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले.

‘‘मिळालं गं मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी जिंकून मिळवणार होते.’’