पंचफुला चहा घेत नाही

घाटंजीकडच्या त्या गावात बातमी पसरायला मोबाइल लागत नाही. पंचफुलाची जाऊ शीला पुरते. पंचफुलानं मैनाबाईंच्या घरचा चहा नाकारला, हे शीलानं हातपंपावर सांगितलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. साडेनऊला पिठाच्या गिरणीवर त्यात आणखी दोन वाक्यं पडली. दहाला बातमी एसटीच्या थांब्यावर पोचली, तोवर पंचफुलानं भरला कप मैनाबाईंच्या समोर उपडा केला होता म्हणे!

कप तिनं उपडा केला नव्हता. नुसतं "जमत नाही, बाई" म्हणाली होती. पण चहा नाही म्हणजे नाहीच.

पंचफुला गावाचे ब्लाउज शिवते. कोणाची कंबर कोणत्या साली किती इंच वाढली, हे तिला पाठ आहे. ती ते कोणाला सांगत नाही, म्हणून चांगल्या चांगल्या घरच्या बाया तिच्याशी अदबीनं वागतात. माप घ्यायला जाईल त्या घरी चहा ठरलेला.

वर्षभर तिच्या अंगावर पित्त उठत होतं. लाल, तळहाताएवढ्या गांध्या, आणि बोटं अशी सुजायची की कात्रीच्या कडीत शिरायची नाहीत. मागच्या लग्नसराईत खाजवता खाजवता एका नवरीच्या ब्लाउजची बाही वेडीवाकडी कातरली गेली, तेव्हा तिला कळलं की असं चाललं तर मशीन विकावी लागेल. कोणी आमसूल लाव म्हणालं, कोणी नजर काढ म्हणालं. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: एकवीस दिवस फक्त भात, मुगाचं वरण, लवकी (म्हणजे दुधी), कोहळं, मीठ आणि थेंबभर तेल. मग तीन-तीन दिवसांनी एकेक पदार्थ पोटात घालून पाहायचा, गुन्हेगार सापडेपर्यंत. मधे एक घास बाहेरचा गेला, तर पुन्हा एकपासून.

"चहाबी नाही?" नवरा मारोती घाबरून म्हणाला.

"नाही."

"पाच दिवसांत मोडशील."

ज्या माणसानं तंबाखूचा खर्रा आजवर अकरा वेळा सोडला होता, त्याचं हे भाकीत! पंचफुला म्हणाली, "तुमी मोजत राहा."

चौथ्या दिवशी मैनाबाईंकडून बोलावणं आलं. नातीचं लग्न, सात ब्लाउज. मैनाबाई म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांनी स्वतः सोनेरी काठाच्या कपात चहा आणला. डॉक्टरचं सांगायला पंचफुलानं तोंड उघडलं, आणि मैनाबाईंच्या मागं तिला गोठ्याची वळचण दिसली. माय या घरी कामाला होती तेव्हा तिथं तिचा वेगळा कप असायचा, कान तुटलेला. माय चहा प्यायची, कप आपणच धुवायची आणि उपडा ठेवून कामाला लागायची. तो कप मैनाबाईंनीच पुढं फेकून दिला. फेकला हे त्यांनी गावात पुष्कळांना सांगितलंही. पण त्या सकाळी पंचफुलानं 'डॉक्टर' हा शब्द काढलाच नाही. ती "जमत नाही" म्हणाली आणि टेप काढून नातीची छाती मोजू लागली.

मग काय! कोणी म्हणालं सूड घेते, कोणी म्हणालं डोकं फिरलं. मारोतीच्या मागं पानठेल्यावर लोक लागले.

"अवं, तो कागद दाखवून टाक ना," तो कुरकुरला.

"काहून? माह्या मायले कोणं कागद दाखवलता?"

दुसरा आठवडा सरता सरता गांध्या विरल्या. बोटातली अंगठी सैल फिरू लागली. कात्री पुन्हा कपड्यातून सरसर पळू लागली. पंचफुला अळणी लवकी अशी ऐटीत चावायची की शीलाला वाटे, लपूनछपून मटणच शिजतंय.

एकोणिसाव्या दिवशी मैनाबाई करंज्यांचा डबा घेऊन स्वतःच तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"साऱ्या गावात माह्यं हसू झालं, पंचफुला. माह्या घरचं चालत नाही का वं तुले? एक करंजी खाय, माह्यासमोर. मंग जातो मी."

एक करंजी म्हणजे अठरा दिवस पाण्यात, आणि सात ब्लाउजांची काजं अजून बाकी. पंचफुलानं मशीनच्या खणातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. मैनाबाईंनी चष्मा लावून तो पुरता वाचला.

"मंग हे पह्यल्याच दिवशी काहून नाही सांगतलं?"

"मले डॉक्टरनं सांगतलं म्हणून मी तुमच्या घरी नाही खाल्लं, बाई. तुमी पंचवीस वर्षांत माह्या घरी पाणीबी नाही पेल्या. तुमाले कोण्या डॉक्टरनं सांगतलतं?"

भिंतीपलीकडं शीलानं कान लावलेलाच होता. हे वाक्य गावात एका शब्दाचीही भर न पडता पोचलं. तेवढंच एक.

मैनाबाईंनी चष्मा काढला. डबा मशीनवर ठेवला. मग चपला काढून आत आल्या.

"काय रांधलं?"

"भात अन् लवकी. तिखट नाही."

"वाढ."

चौथ्या घासाला त्या थांबल्या. "हे कसं खाते वं माणूस?"

"एकोणीस दिवस झाले."

"मीठ तरी दे."

"मीठ हाय त्यात."

ताट मात्र त्यांनी पुसून खाल्लं.

बाविसाव्या दिवशी पंचफुला चहाचा पहिला घोट घ्यायला मैनाबाईंकडेच गेली. तीन दिवस अंग स्वच्छ, चहा निर्दोष सुटला. गहू सुटला, अंडं सुटलं (शीलाची पैज अंड्यावर होती), मासळी सुटली. आणि नवव्या खेपेला, घासाला तासही झाला नव्हता, तोच मानेवर गांधी उठली. जवसाची चटणी! तिची स्वतःची, तिच्याच हातची, जिच्यासाठी गावातल्याच माहेरी अजून तिचं नाव घेतात.

भरलेली बरणी तिनं मैनाबाईंकडे पाठवून दिली. आठ दिवसांत ती धुऊनपुसून परत आली, सोबत निरोप: चटणी छान होती, अजून कुटून पाठव.

"कुटतो," पंचफुला निरोप आणणाऱ्या शीलाला म्हणाली, "पण पाठवत नाही म्हणा. खायाची असंल तं घरी येऊन खा म्हणा."