आधी आवाज तपासू द्या, दाजी

माझ्या मेव्हण्याएवढा आवाज करणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात झाला न्हाई, आन होऊ बी नये. पालमच्या शेतकऱ्याचं हे पोर पुण्याला इंजिनेर व्हायला गेलं आन रॉक बँडमधी गिटार वाजवायला लागलं. पन्नाशी उलटली तरी तेच. भर मे महिन्यात काळे कपडे, केस बहिणीपेक्षा लांब. माझी बायको त्याला दर भेटीला तेलाची बाटली द्यायची. एकदा भाच्याच्या लग्नात पाव्हण्यांनी त्याला वरातीपुढं वाजवायला लावलं. गिटारची वायर वीस हात. नवरदेव मारुतीपाशी पोचला तरी हा खुंट्याच्या बैलासारखा मांडवातच हिसके देत राहिला. त्यात वाजवायच्या आधी आवाज तपासायचं खूळ. घंटाभर नुसतं 'चेक, चेक', आन गाणं पाच मिनटाचं.

बायको अंथरुणाला खिळली. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आजवर भावानं वाजवायला घेतलं की ती कानावर पदर घेऊन आत पळायची. तीच आता म्हणली, "त्याला बोलवा. एकडाव धड ऐकते."

तो सकाळच्या रेल्वेनं आमच्या घरी सेलूला आला, कपाटाएवढा स्पीकर घेऊन. मी म्हणलं, "बाराला लाईट जाते. लवकर वाजव."

"आधी आवाज तपासू द्या, दाजी."

खोली घुमते म्हणून त्यानं भिंतीला गोधड्या टांगल्या. पंखा भणभणतो म्हणून बंद केला. ती घामानं भिजली. तिचा श्वास मधीच अडकायचा, मग यायचा. मी एकदा तिच्या छातीकडं बघायचो, एकदा घड्याळाकडं. शेवटी वरडलो, "वाजव की रे येड्या!" त्यानं हात उचलला आन लाईट गेली.

आता संध्याकाळपतुर लाईट यायची न्हाई. तवर ती थांबंल का, हे बोलायची दोघांचीबी छाती झाली न्हाई. तो तसाच वाजवायला लागला. बिनलाईटची गिटार, डासाएवढा आवाज.

"जवळ आण," ती म्हणली.

त्यानं गिटार उशीला टेकवली. तिनं लाकडाला कान लावला.

"अगं बया, लय गोड हाय की! मग एवढी बोंब कशाला मारायचास?"

"लोकांना ऐकू जावं म्हणून, आक्का."

"मला आलं."

ती तशीच झोपली. उशी हलंल म्हणून तो जागचा उठला न्हाई.

त्याच हप्त्यात ती गेली. आता तो घरी आला की वायर न लावता वाजवतो. मी दाराशी बसतो. तिथवर काईच ऐकू येत न्हाई. जवळ आण म्हणायला जीभ उचलत न्हाई.