येसामामा आणि उन्हाळ्याचं ऑईल

माझा मामा येसाजी हा दहिवलीतला पहिला ड्रायव्हर. असं म्हटलं की आमच्याकडची जुनी माणसं लगेच दुरुस्ती करतात, की पहिला तो नव्हे, मोटारीच्या मालकाने मुंबईहून आणलेला दुसराच कोणी होता आणि तो इथला पावसाळा बघून पळून गेला. असेल. पळून गेलेल्याला मी मोजत नाही.

मोटार मामाची नव्हती. ती कर्जतच्या एका भातगिरणीवाल्या शेटची, मुंबईत कोणीतरी वापरून विकलेली. वर कापडी टप, बाजूला रबरी फुग्याचा हॉर्न. कर्जत स्टेशनात उतरलेली माणसं चौक-खालापूरकडे पोचवायची, हे तिचं काम. त्याआधी मामा बैलगाडी हाकायचा, पोशीरकडचं भात स्टेशनात आणायचा. शेटने त्याला आधी इंजिन सुरू करायचं हँडल मारायला ठेवला, मग ड्रायव्हरशेजारी बसवला, आणि तो मुंबईचा गडी पळाल्यावर मोटार मामाच्या हाती आली. मामा मात्र बैलवाला तो बैलवालाच राहिला. मोटारीचं नाव त्याने मैना ठेवलं. चढ आला की ‘हां बाय माजी, हां’ म्हणत स्वतःच पुढे झुकायचा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे बैलांना अंघोळ घालून त्यांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवतात. ज्याच्यावर जीव त्याच्या अंगावर आपला हात. मामाने मैनेच्या बॉनेटवर पंजे उठवले. शेट तणतणत आला तेव्हा मामा म्हणाला, “शेट, बैल रुसला तर त्याला बाबापुता करता येतं. ही रुसली तर तुमालाच चालत जावं लागंल.” पंजे राहिले.

चौतीस-पस्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. माझं लग्न खालापूरला ठरलं. आमच्यात तेव्हा लग्न नवऱ्याच्या दारी लागे, आणि नवरीला बोहल्यावर धरून न्यायचं ते मामाने. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरं घरी परतायच्या वेळचा, आणि महिना वैशाख. माझ्या आईने, म्हणजे इंदूबाईने, सदूची बैलगाडी सांगून ठेवली होती. हा सदू मामाचा जुना जोडीदार. दोघांनी बरोबर गाड्या हाकल्या होत्या. मामाला ते कळलं आणि तो जेवता जेवता ताटावरून उठला.

“आक्का, माजी चिमा बैलगाडीतून जानार? आन मी कशाला मोटार हाकतोय मंग?”

“तुजी मैना वाटंत बसली तर?”

“बसली तर हँडल खाली ठेवीन आन पुन्ना कासरा धरीन. मोटारीला हात लावनार नाय.”

आईने हे बोलणं पाच बायकांसमोर ऐकलं, म्हणजे ते पक्कं झालं. आता मुहूर्त गाठायचा होता आणि मामाची मोटारही वाचवायची होती. मला, खरं सांगायचं तर, दुसरीचीच काळजी जास्त होती. नवरा कुठे पळून जाणार नव्हता.

लग्नाआधी मामा मैनेचं ऑईल बदलायला बाजारात गेला, आणि हट्टाने मीही बरोबर गेले. दुकानात डबे दोन जातींचे. एकात ऑईल पातळ, दुसऱ्यात काकवीसारखं जाड. दुकानदार म्हणाला, “येसाजी, उन्हाळा आहे. जाड ने. मुंबईवाले आता जाडच नेतात.”

मामा त्याच्याकडे बघून हसला. “उन्हाळ्यात जाड? अवो, तुमी या उनात काय पिता, खीर का ताक?”

“ताक.”

“मंग? तिच्या पोटात आग, वरनं ऊन. तिला काय तरी पातळ, गार द्या.”

मलाही ते इतकं पटलं की मी मान डोलावली. दुकानदाराने दोनदा सांगून बघितलं. मामाने पातळ डबा घेतला आणि घरी येऊन मोठ्या मायेने मैनेला पाजला. ‘पाजला’ हा त्याचाच शब्द.

लग्नाच्या दिवशी सदू रुखवताची भांडीकुंडी घेऊन पहाटेच निघाला होता. आम्ही मागाहून निघालो. मी पिवळ्या साडीत, मामाने घेतलेल्या. कपाळाला मुंडावळ्या, शेजारी आई, मागे दोन मावश्या कोंबलेल्या. वाटेत सदूची गाडी लागली तशी मामाने हॉर्नचा फुगा पिळून पिळून त्याच्या बैलांना बुजवलं आणि त्याच्या अंगावर धुळीचा लोट सोडून पुढे गेला. मी तर टाळ्याच वाजवल्या. नवरीने टाळ्या वाजवायच्या नसतात असं आई म्हणाली, आणि तीही हसली.

चौक गावाच्या अलीकडे चढ लागला. ऊन असं की दगडावर पाय ठेववेना. मैनेच्या पोटातून आधी टकटक आली, मग खडखड, आणि पुढून वाफ. मामाने ताबडतोब इंजिन बंद केलं. त्याचं एवढं मात्र चांगलं, की जनावर कण्हायला लागलं तर त्याला पुढे दामटायचं नाही हे त्याच्या हाडात होतं. आम्ही आंब्याखाली बसलो. त्याने पाणी घातलं, वाट बघितली, हँडल मारलं. मैना दहा पावलं गेली आणि पुन्हा खडखड. तेल बघायची सळई त्याने बाहेर काढली. तिच्यावरून ऑईल पाण्यासारखं ओघळलं.

“पातळ तर हाय की गं,” तो मैनेला म्हणाला. “अजून किती पातळ पायजे तुला?”

 आई उन्हाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे. मामाने हँडल काढून खरंच जमिनीवर ठेवलं. मला रडू फुटलं. मुहूर्ताचं नव्हे; त्या हँडलचं.

इतक्यात मागून घुंगरं वाजली. सदू! आम्हाला बघून त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, मैनेभोवती एक सावकाश फेरी मारली आणि विचारलं, “येसा, धूळ कुटं गेली रं तुजी?”

मामाने खाली मान घातली. सदूने मग जास्त चिडवलं नाही. “चिमाला बसव गाडीत. पर जरा दम काढ, चाक कुरकुरतंय, वंगान घालतो,” म्हणत त्याने गाडीखालचा वंगणाचा नळा सोडला. आमच्याकडे आखाला घालायचं वंगण म्हणजे एरंडेल आणि जाळलेल्या पेंढ्याची राख. नळ्यात बोट घालून सदू वैतागला. “बग, उनानं कसं पानी झालंय. आखावर ठरत नाय, सगळं रस्त्यावर गळतंय.” आणि कमरेची पुरचुंडी सोडून त्याने राख टाकली, चांगली मूठभर, आणि घोटायला लागला.

मामा बघत होता. बघता बघता उभा राहिला.

“सदू, थंडीत किती राख टाकतोस रं?”

“येडा झालास? थंडीत कशाला राख? ते आपसूकच घट्ट होतंय. तूच शिकवलंस की मला.”

मामाने कपाळावर असा हात मारला की मावशी दचकली. “आरं द्येवा! मी हिला बैल समजलो रं! ताक पाजलं हिला! ही बैल नाय, ही गाडी हाय! ऑईल तिचं पानी नाय, ऑईल तिचं वंगान हाय!”

आईला यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, “उनानं याचं डोस्कं फिरलं.” सदूला मात्र कळलं. तो हातातलं वंगण तसंच ठेवून हसत सुटला, मामाही हसायला लागला, आणि मग दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. मी मुंडावळ्या सावरत हसत होते आणि रडतही होते.

पण जाड ऑईल मिळायचं ते चौकला, हमरस्त्यावर, जिथे लॉऱ्या थांबत त्या हॉटेलात. मग काय, मैनेला दोरखंड बांधला, पुढे सदूचे बैल, आणि निघाली वरात. मामा चाक धरून बसलेला, मी शेजारी, आणि चौकात शिरताना मामा हॉर्न वाजवतोच आहे! चहाचे कप हातात घेऊन लोक रस्त्यावर आले. बैलांनी ओढलेली मोटार आणि आत नवरी, असं त्या गावाने पुन्हा कधी बघितलं नसेल. एका लॉरीवाल्याने तर फेटा काढून मला मुजरा केला.

मामा मोटारीखाली शिरला. खालचं बूच काढलं. पातळ ऑईल धरायला भांडं हवं होतं, तर त्याने रुखवतातलं माझं पितळी घंगाळच ओढून घेतलं. आई किंचाळली. “घासून दीन आक्का, घासून दीन!” असा मोटारीखालून आवाज आला. मग नवं ऑईल ओतलं, जाड, दाट, संथ उतरणारं. आईने स्वतःच हँडल त्याच्या हातात दिलं, म्हणजे बोल माफ झाला. मामाने हँडल मारलं. मैना गुरगुरली. खडखड नाही, टकटक नाही. वेळेवर थांबवली म्हणून आतलं काही बिघडलं नव्हतं. बॉनेटवर हात ठेवून मामा बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

आम्ही खालापुरात शिरलो तेव्हा गुरं परतत होती. त्यांच्याच धुळीत मैना मांडवाच्या दारी थांबली. भटजी घसा खाकरत उभे, अंतरपाट धरलेला, आणि पलीकडे आमचे हे, ज्यांचं नाव मी घेणार नाही, घामाने निथळत होते. “मामा कुठाय नवरीचा?” अशी हाकाटी झाली. मामाने विहिरीवर मातीने घासघासून हात धुतले, धोतराला पुसले आणि धावत येऊन माझ्या पाठीला हात देऊन मला बोहल्यावर नेलं.

अक्षता पडल्या. माळा घातल्या. आणि मागून बायकांची कुजबुज सुरू झाली. माझ्या पिवळ्या साडीवर, पाठीवर, मामाचा अख्खा पंजा उठला होता. पाची बोटं, काळीभोर.

आई त्याला सगळ्यांसमोर बोलली. तो बिचारा हात मागे लपवून उभा. मी वळून म्हटलं, “राहू दे, आई. मामानं पाडवा केला माझा.” मामाने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मांडवाबाहेर मैनेकडे निघून गेला. त्याचे डोळे भरले होते.

मोटार मामाने पुढे खूप वर्षं हाकली. उन्हाळ्यात जाड, थंडीत पातळ, आणि कोणी विचारलं तर सदूचं नाव सांगायचा. साडी माझ्या पेटीत आहे. रिठ्याने धुतली, साबणाने धुतली, पंजा काही गेला नाही. पातळ ऑईल असतं तर गेलाही असता.