मंद्याच्या ठाणातली शेळी

शेजाऱ्याच्या घराचा किंवा भावाच्या पगाराचा हेवा वाटला तर एक वेळ समजता येतं. रेसच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या या सईसाला एका शेळीचा हेवा वाटत होता. तीही काही देखणी शेळी नव्हे. एक शिंग मोडलेलं, दाढी पिवळी पडलेली, चालताना मागचा पाय जरा ओढायची. पण तिचा विषय निघाला की या शहाण्यासुरत्या माणसाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

याचं कारण होता मंद्या. मंद्या म्हणजे घोडा. रेसच्या पुस्तकात त्याचं नाव मोठं भारदस्त छापलेलं असायचं, आई-बाप, आजे-पणजे सगळे नावाजलेले. पण तबेल्यात सगळे त्याला मंद्याच म्हणत, कारण पहिल्या वर्षी तो जिथे जिथे पळाला तिथे शेवटून पहिला आला. छोट्या पल्ल्याच्या शर्यती त्या, सुरू झाल्या म्हणेपर्यंत संपायच्या. गेट उघडताच बाकीचे घोडे सुसाट सुटत. मंद्या आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा आणि मग सावकाश निघायचा. जॉकी त्याच्यावर बसायला नाक मुरडू लागले. मालकाने त्याला विकायला काढला.

ट्रेनरच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. सकाळच्या सरावात बाकीचे घोडे धापा टाकत थांबायचे, तेव्हा मंद्याला नुकती कुठे गंमत वाटू लागलेली असायची. त्याला थांबवेपर्यंत तो आणखी अर्धी फेरी मारून यायचा, आणि अंगाला घाम म्हणावा असा नसायचा. विकण्याआधी एकदा लांब पल्ल्याला सोडून बघू, असं म्हणून ट्रेनरने त्याला चोवीसशे मीटरला उतरवलं, आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सुरुवातीला मंद्या नेहमीसारखा मागेच होता. लोक हसत होते. शेवटच्या वळणावर पुढच्यांचे पाय जड झाले आणि हा गडी तेवढ्याच वेगाने पळत राहिला. एकेकाला ओलांडत जिंकण्याच्या खांबाशी पोहोचला तेव्हा पुढे कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतरची चार वर्षं मंद्याची. चोवीसशे, अठ्ठावीसशे, बत्तीसशे. पल्ला लांबला की मालकाची कळी खुलायची. आणि मालकापेक्षा चार बोटं जास्त कुणी फुलत असेल तर तो सईस. कारण मंद्याचं सगळं तोच करायचा. खरारा त्याने करायचा, खूर त्याने साफ करायचे, पाणी त्याने दाखवायचं. मंद्या खाण्याच्या बाबतीत नखरेल होता. चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, बादलीत तोंड घालायच्या आधी मान वर करून सईस आहे ना ते बघायचा, मग खायचा. निदान सईसाचं म्हणणं तसं होतं. तबेल्यातले लोक त्याला 'मंद्याची आई' म्हणून चिडवत. तो चिडल्यासारखं करायचा, पण त्या दिवशी घरी जाताना त्याची चाल बदललेली असायची.

घरी बायको होती. शिवणकाम करायची. नवरा दारात आला की मशीन न थांबवता विचारायची, "जेवले का साहेब?" साहेब म्हणजे मंद्या. "जेवले," तो म्हणायचा. "मग आता तुम्हीही जेवा, तोवर मी कपड्यांचा वास घालवते." ताटावर बसून तो मंद्याच्या गुडघ्याबद्दल बोलायचा, ती ऐकायची. लग्नाचा वाढदिवस कुठल्या महिन्यात येतो हे त्याला विचारावं लागे. मंद्याचा पाठ होता.

सहाव्या वर्षी मंद्याला खोड लागली. ठाणात, म्हणजे तबेल्यातल्या आपल्या खोलीत, तो गोल गोल फिरू लागला. दिवसा फिरायचा, रात्री फिरायचा, खालचं गवत तुडवून भिंतीला लावायचा. चंदी तशीच राहायची. लांब पळणाऱ्या घोड्याने अंगातला दम असा चार भिंतींत जिरवला तर मैदानात काय उरणार? डॉक्टर झाले, औषधं झाली. सईस स्वतः ठाणाच्या दाराशी बसायचा. तो बसला की फेऱ्या जरा कमी व्हायच्या, पण थांबायच्या नाहीत.

मग एक दिवस ट्रेनर ती शेळी घेऊन आला. बिथरलेल्या घोड्याला सोबत म्हणून शेळी ठेवतात, ही या धंद्यातली जुनी युक्ती. सईसाला हसू आलं. दिवसभर जीव लावून आपण बसलो तिथे ही लंगडी काय दिवे लावणार? शेळी ठाणात शिरली, मंद्याच्या पोटाखालून पलीकडे गेली, कोपऱ्यात बसली आणि रवंथ करू लागली. मंद्याने तिला हुंगलं. एक फेरी मारली, अर्धी मारली आणि तिच्याजवळ उभा राहिला. संध्याकाळी बादली चाटूनपुसून साफ.

"मंद्याची आई बदलली बरं का," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सईसही हसला, पण ते हसू त्याला फार महाग पडलं. त्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

कसं थांबणार? मंद्या पुन्हा जिंकू लागला आणि श्रेय शेळीच्या पदरात पडू लागलं. बाहेरगावच्या रेसला जाताना ट्रकमध्ये मंद्याच्या तोंडाशी सईस बसायचा, ती त्याची हक्काची जागा. आता तिथे शेळी, आणि सईस पुढे ड्रायव्हरशेजारी. एका वर्तमानपत्रात फोटो आला, मंद्या, जॉकी आणि शेळी. लगाम धरलेला एक हात फोटोत होता, बाकीचा सईस कापला गेला होता. शेळीने त्याची टोपी खाल्ली तेव्हा तर त्याने तिला मनसोक्त शिव्या घातल्या. मंद्याने रागाने कान मागे टाकले. एवढ्या वर्षांत त्याच्यावर कान टाकायची मंद्याची ती पहिली वेळ.

"शेळीशी कसली बरोबरी करता?" बायको म्हणाली.

"बरोबरी नाही. पण तिने केलंय काय? बसते नुसती."

बायकोने दोरा दाताने तोडला.

मग हंगामातली सगळ्यात मोठी शर्यत आली, बत्तीसशे मीटरची. मंद्या सातव्या वर्षात होता. मालकाने सांगून टाकलं होतं की ही शेवटची, यानंतर मंद्या फार्मवर जाईल आणि आरामात चरेल. म्हणजे सईसासाठीही ही शेवटचीच. ही एक शर्यत तरी मंद्याने आपल्या जिवावर जिंकावी, लोकांनी शेळीचं नाव न घेता आपलं घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. दिवसरात्र दुसरा विचार त्याच्या डोक्यात नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने शेळीला ठाणातून काढलं आणि अंगणाच्या पार पलीकडे, गवताच्या खोलीमागे नेऊन बांधलं. ट्रेनरला सांगितलं, "साहेब, शेळीचं पोट बिघडलंय. घोड्याला काही लागायला नको."

"बरं केलंस," ट्रेनर म्हणाला. "तू बस मग त्याच्याजवळ."

सईस बसला. नवऱ्या मुलाजवळ बसावं तशा थाटात बसला. मंद्याची मान चोळली, त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याचे कान कुरवाळले. मंद्या त्याच्या डोक्यावरून दाराकडे बघत होता. थोड्या वेळाने तो खिंकाळला. पलीकडून बारीक बें ऐकू आलं. मंद्या फिरायला लागला.

उठून शेळीला आणणं काही अवघड नव्हतं. सईस दोनदा उठलाही. पण आणलं असतं तर हरलो हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही कुणापुढे, तर त्या दाढीवालीपुढे. तो परत बसला. आता थकेल, आता थांबेल, आता आपल्याकडे बघेल, असं म्हणत राहिला.

उजाडलं तेव्हा गवत भिंतीला लागलं होतं आणि बादली काठोकाठ भरलेली होती. ट्रेनर यायची वेळ झाली होती. सईसाने गवत सारखं केलं, मंद्याला लखलखीत खरारा केला आणि बादली उचलून खोलीमागे नेली. शेळीने मागचापुढचा विचार न करता सगळी चंदी फस्त केली. रेसच्या घोड्याचा खुराक तिला कुठला झेपायला? घटकाभरात तिचं पोट ढोलासारखं फुगलं, आणि काल खोटं असलेलं आज खरं झालं.

"खाल्लं याने?" ट्रेनरने विचारलं.

"सगळं," सईस म्हणाला आणि रिकामी बादली दाखवली.

"शेळी नसताना?"

"मी होतो ना, साहेब."

हे वाक्य म्हणताना त्याला किती गोड वाटलं ते काय सांगावं. खोटं होतं, तरी गोड वाटलं.

दुपारी शर्यत झाली. मंद्या नेहमीसारखा मागे राहिला. लोकांना आता ते माहीत होतं, कुणी हसलं नाही. शेवटच्या वळणावर त्याने एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, स्टँडमधून आरडाओरडा सुरू झाला. कठड्याशी उभा असलेला सईस ओरडत नव्हता. खांब समोर दिसत असताना मंद्याची मान खाली गेली. पाय चालूच होते, थांबायचं त्याला ठाऊकच नव्हतं, पण आत काही शिल्लक नव्हतं. मागे टाकलेल्यांपैकी दोघे पुन्हा पुढे गेले. मंद्या चौथा आला.

सईसाने लगाम धरला तेव्हा मंद्याचे पाय थरथरत होते. तबेल्यात आणून पाणी दाखवलं तर त्याने तोंड फिरवलं आणि सईसाला ओढत अंगण ओलांडून थेट खोलीमागे नेलं. फुगलेल्या शेळीच्या पाठीवर त्याने नाक टेकवलं आणि डोळे मिटले. सईस दोरी धरून बाजूला उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही हेवा होताच.

ट्रेनरने संध्याकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं त्याचं, दुसरं काय. पोटभर खाल्लं, शांत राहिला, तरी दम पुरला नाही. उद्या फार्मवर जाऊ दे. आणि हे बघ, आता त्याला शेळीची गरज दिसत नाही. ती नव्या घोडीसाठी इथेच ठेवतो. त्याच्याबरोबर तू जा. तिथे एक खोली आहे, एकट्यापुरती. मालकाशी बोललोय मी."

जे मागायची सईसाची छाती झाली नसती ते न मागता ओंजळीत पडलं. मंद्या आणि तो. मध्ये कुणी नाही.

घरी जाऊन त्याने बायकोला हे सांगितलं. मग बादलीचं सांगितलं. मग खिंकाळण्याचं, दाराकडे बघण्याचंही सांगितलं. बायकोने मशीन थांबवलं, आणि हे क्वचितच व्हायचं.

"म्हणजे तुम्ही जवळ बसून होतात, जीव टाकत होतात, आणि त्याचं सगळं लक्ष दाराकडे."

"हो."

"मग मला कसं वाटतं ते वेगळं सांगायला नको."

तो खाली पडलेल्या कापडाच्या चिंध्या गोळा करू लागला.

"जा हवं तर," ती म्हणाली. "मला सवय आहे. पण तो तिथे खाणार नाही, तेवढं लक्षात ठेवा." आणि ती पुन्हा शिवायला लागली.

सकाळी ट्रक लागला. ट्रकच्या आत मंद्यासाठी चंदी भरून ठेवली होती. मंद्या ट्रकला लावलेल्या फळीवर एक पाय ठेवायचा आणि मागे घ्यायचा. मान वळवून शोधायचा. सईस त्याच्यासमोरच उभा होता.

"साहेब," सईस म्हणाला, "शेळीला पाठवा."

"का?"

"शर्यतीच्या आदल्या रात्री याने काही खाल्लं नाही. चंदी शेळीने खाल्ली. मीच घातली."

ट्रेनर त्याच्याकडे वळला. "पोट बिघडलं होतं म्हणालास."

"नव्हतं बिघडलं. सकाळी बिघडलं."

"म्हणजे उपाशी पळाला तो."

"हो."

"आणि चौथा आला."

"हो, साहेब."

ट्रेनरने टोपी काढली, तिच्यात काहीतरी सापडेल तशी बघितली आणि पुन्हा घातली. "तुझ्याकडे मी नंतर बघतो. फार्मवर तू जायचं नाही. शेळी आण आधी."

सईसाने शेळी आणली. पोट उतरलं होतं तिचं, बाकी तिला कशाचा काही पत्ता नव्हता. आधी ती फळीवर चढेना, म्हणून त्याने तिला मागून ढकललं आणि पुटपुटत दोन शिव्याही दिल्या. ती आत गेली. मंद्या तिच्यामागोमाग फळी चढून गेला, एकदाही मागे न बघता.

सईसाने फळी उचलली आणि कडी लावली. ट्रक अजून सुरूही झाला नव्हता, तोच आतून चंदी चावल्याचा आवाज येऊ लागला.