भुकटीसाठी घासलेली वाट

मिस्तरींच्या घरी पाहुणे बसायचे जपून आणि उठायचे त्याहून जपून. कारण होती बाहेरच्या खोलीतली फरशी. काळ्या-पांढऱ्या दाण्यांची, आणि इतकी चकचकीत की खाली बघून भांग पाडावा. मिस्तरींचा धंदाच तो. लोकांच्या फरश्या मशीनने घासायच्या, आधी खरखरीत दगडाने, मग त्याहून बारीक, मग अजून बारीक, असे सात दगड झाले की वरून मेण, आणि मेणावर मऊ फडक्याचा हात. एखाद्या गिऱ्हाइकाची खात्री पटत नसली की मिस्तरी त्याला सरळ घरी आणत, दारात चपला काढायला लावत आणि एक शब्दही न बोलता बाजूला उभे राहत. बोलायचं काम फरशी करायची.

"जरा निसरडी नाही का वाटत?" असं कुणी विचारलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. "चकाकतं ते निसरडं, हा लोकांचा गैरसमज आहे," ते सांगत. "ज्याला चालता येतं तो कुठेही चालतो." त्यांचा मेव्हणा याच खोलीत दोनदा सपशेल आडवा झाला होता. दोन्ही वेळा मिस्तरींनी त्याच्या मोज्यांना दोष दिला.

बायको मात्र कधी पडली नाही. ती भिंतीच्या कडेने चालायची, एक हात भिंतीला लावून. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीचा एक मळकट पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटला होता. चहासुद्धा दोन खेपांत यायचा, एका खेपेला एक कप. घराला रंग द्यायची वेळ आली की मिस्तरी त्या पट्ट्याकडे बघून कुरकुरायचे, "भिंत काय दोरी आहे का धरून चालायला?" ती म्हणायची, "सवय आहे मला." ती शिवणकामाचा क्लास चालवायची, दिवसभर बायकांना कापड सरळ धरायला शिकवून दमलेली असायची, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

या घरात पाच वर्षांपूर्वी भुकटी आली. एका कामावर, दगडाच्या भुकटीच्या ढिगाऱ्यात कुत्रीचं एक पिल्लू झोपलेलं सापडलं. धुतलं की पांढरं निघेल असं वाटलं होतं, धुतलं तर राखाडीच निघालं. त्या दिवसापासून ती मिस्तरींच्या मागोमाग कामावर जायची. मशीनच्या त्या घरघराटात तिला गाढ झोप लागायची आणि मशीन बंद झालं की खाडकन जाग यायची, कारण मशीन बंद झालं म्हणजे डबा उघडणार. बाहेर ती वाऱ्यासारखी पळायची, घरात मात्र एकेक पाऊल मोजून टाकायची. "शिस्तीची आहे," मिस्तरी कौतुकाने सांगायचे.

मग एक दिवस कामावर थप्पी कोसळली. नव्या फरश्यांची थप्पी, भिंतीला टेकवून उभी केलेली. मिस्तरींनी स्वतःच लावली होती. एरवी ते खाली लाकडी पाचर मारल्याशिवाय हात काढत नसत. त्या दिवशी घाई होती. भुकटी नेमकी तिथूनच चालली होती आणि तिचा पुढचा डावा पाय खाली सापडला.

"हाडाचा पार चुरा झालाय," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मोजकंच बोलायच्या. "पाय वाचत नाही. ती वाचेल."

पाय खांद्यापासून काढला. तिसऱ्या दिवशी भुकटीला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद दिला आणि तोंडीही सांगितलं, "जखम स्वच्छ ठेवा. गोळ्या चुकवू नका. दहाव्या दिवशी टाके काढायला आणा. तोवर ती आपली आपण उभी राहायला हवी. बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत उठतात."

"आणि नाही उठली तर?" मिस्तरींनी विचारलं.

"एवढं मोठं जनावर पडून राहिलं की अंगाला जखमा होतात, खाणं सुटतं. नाही उठली तर बसून बोलू."

त्या 'बोलू'चा अर्थ मिस्तरींना कळला.

स्वयंपाकघराच्या दाराशी भुकटीसाठी दुमडलेली गादी घातली. बायकोने मिस्तरींच्या जुन्या जाड पँटीची झोळी शिवली, दोन्ही बाजूंना मुठी असलेली. ती पोटाखालून घालायची, भुकटीला अलगद उचलून अंगणात न्यायची, तिथलं उरकलं की परत आणायची. कामाच्या पँटीला मेणाचा वास येत होता म्हणून की काय, भुकटी त्या झोळीत निमूट राहायची. पण गादीवरून स्वतः उठेल तर शपथ. पहिल्याच संध्याकाळी तिने प्रयत्न केला होता. उरलेला पुढचा पाय गादीबाहेर टाकला, तो सरकला आणि हनुवटी फरशीवर दाणकन आपटली. त्यानंतर तिने नादच सोडला. हाक मारली की शेपटी हलवायची, डोळे वर करायची आणि पुन्हा मान टाकायची.

कागदावरच्या सूचना मिस्तरींनी चष्मा लावून दोनदा वाचल्या. 'जागा स्वच्छ ठेवा' या ओळीपाशी ते थांबले. 'जमीन घसरडी नसावी' ही त्याच्या खालची ओळ त्यांनी वाचली आणि पुढे गेले. ती लोकांसाठी होती. ज्यांच्या घरी फरशीचं काम धड झालेलं नसतं, अशा लोकांसाठी. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र त्यांनी कसूर ठेवली नाही. चौथ्या दिवशी सगळी खोली धुऊन काढली, वाळवली आणि जंतूंना पाय ठेवायला जागा राहू नये म्हणून वरून मेणाचा एक ताजा हात दिला.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. बायको उकडलेलं अंडं कुस्करून हातावर धरायची, भुकटी आडवी पडूनच खायची. सातव्या दिवशी तिने तेही हुंगून सोडून दिलं. मिस्तरींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या मनात सतत तीच पाचर येत होती. हातभर लांब लाकूड, ते मारायला लागतं अर्धं मिनिट.

"तिचा जीवच नाही राहिला गं उठण्यात," ते बायकोला म्हणाले. "मी मोडला तिचा जीव."

"असं नका बोलू हो," ती म्हणाली. "दोन दिवस आहेत अजून." पण तिचाही आवाज खाली गेला होता.

आठव्या दिवशी बायकोच्या क्लासची परीक्षा होती, घरी थांबणं शक्य नव्हतं. मिस्तरींचं काम एका वाचनालयात चालू होतं. फरशीसाठी वाचनालय आठवडाभर बंद होतं, आत कुणी नव्हतं. त्यांनी भुकटीला झोळीसकट उचललं, मशीनच्या हातगाडीत बसवलं आणि बरोबर नेलं.

वाचनालयाच्या त्या लांबलचक दालनाचं निम्मं काम पुरं झालं होतं. दाराकडच्या अर्ध्या भागावर फक्त पहिला खरखरीत दगड फिरला होता, तो कालच धुऊन वाळवला होता, दिसायला मळकट आणि भुरका. खिडकीकडच्या अर्ध्या भागावर सातही दगड झाले होते, आज तिथे मेण चढवायचं होतं. मिस्तरींनी भुकटीला दाराजवळच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं आणि खिडकीकडे जाऊन मशीन सुरू केलं. भुकटीने डोळे मिटले. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला बरी झोप लागली असावी.

दुपारी मिस्तरींनी मशीन बंद केलं. खिडकीशी पाय पसरून बसले आणि सवयीने डबा उघडला.

मागे नखांचा आवाज आला. टक टक, मग जरा थांबून टक.

मिस्तरींनी मान वळवली. भुकटी उभी होती. नुसती उभी नव्हती, चालत होती. पुढचा एकुलता एक पाय जरा मध्ये घेऊन, डोकं खाली झुकवत आणि वर उचलत, अर्धी उडी अर्धं पाऊल असं करत ती डब्याच्या दिशेने येत होती. डब्याचं झाकण मिस्तरींच्या हातातच राहिलं. हललो तर ती पडेल, असं काहीतरी त्यांना वाटलं.

दालनाच्या मध्यावर, भुरकी फरशी संपून चकाकी सुरू होत होती तिथे, ती थांबली.

"ये," मिस्तरी म्हणाले. "ये ना."

भुकटीने पाय पुढे टाकला. तो चकाकीवर टेकला आणि सरकला. तिने तो पटकन मागे घेतला, रेघेच्या अलीकडे बसली आणि मिस्तरींकडे बघत राहिली. आता पुढचं तुम्हीच बघा, अशी ती बसली होती.

मिस्तरींच्या डोळ्यांसमोरून घर गेलं, गादीबाहेर टाकलेला तो पाय गेला, आपटलेली हनुवटी गेली आणि शेवटी चौथ्या दिवशी स्वतःच्या हाताने दिलेला तो मेणाचा हात आठवला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग उठले, डबा घेऊन रेघेच्या अलीकडे आले आणि तिच्या शेजारी खाली बसले. अर्धा डबा तिने खाल्ला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मिस्तरींना त्या दुपारी कळलं. ते थोडे रडलेही, पण तिथे बघायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी बायको क्लासहून आली तर दारातच थबकली. मिस्तरी खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसले होते. शेजारी पाण्याची बादली, हातात पहिल्या नंबरचा खरखरीत दगड. मशीन पोचत नाही ते कोपरे ते असेच हाताने घासायचे, पण घासून आणायची ती चकाकी. आज ती उतरत होती. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत, दोन हात रुंद पट्टा, भुरका आणि मळकट. कोपऱ्यात पोत्यावर बसून भुकटी लक्ष ठेवत होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"उभी राहिली ती. वाचनालयात," मिस्तरी वर न बघता म्हणाले. "खरखरीतवर चालते. आपल्या फरशीवर नाही चालत."

बायकोने भुरका पट्टा निरखून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे आपली फरशी निसरडी आहे."

"आहे," मिस्तरी म्हणाले आणि दगड जोरात दाबला.

"जरा मोठ्याने म्हणा. माझा भाऊ लांब राहतो."

मिस्तरींना हसू आलं, आणि आठ दिवसांनी त्या घरात दोघं एकदम हसली. पट्टा धुतला, पुसला, पंखा लावून वाळवला. भुकटीला गादीवर आणलं आणि दोघं दाराशी जाऊन उभी राहिली. मिस्तरींनी डब्याचं झाकण वाजवलं. भुकटी उठली, पट्ट्यावर पाय टेकला, टेकलेला पाय टिकतोय हे पाहिलं आणि एकदाही पाय बाजूला न टाकता थेट दारापर्यंत आली.

दहाव्या दिवशी दवाखान्यात जाताना मिस्तरींनी काखेत पोतं घेतलं. तिथली फरशी त्यांनी दारातूनच ओळखली होती. पोतं पसरलं, त्यावर भुकटी तीन पायांवर ताठ उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, टाके काढले, मग पोत्याकडे पाहिलं.

"हे कागदावर लिहिलं होतं की मिस्तरी. घसरडं नको म्हणून."

"वाचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, ते दुसऱ्यांच्या घरांसाठी आहे."

डॉक्टरीणबाईंना मिस्तरींनी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा तिला."

घरी आल्यावर मिस्तरी दाराशी खुर्ची टाकून बसले. भुकटी पायाशी आडवी झाली, या वेळी फक्त झोप आली म्हणून. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवर काही ओझं नव्हतं. त्यांनी सहज आत पाहिलं. मधला भुरका पट्टा त्या सगळ्या झगमगाटात उठून दिसत होता. आता गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, असा एक विचार आला आणि गेला.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. पट्ट्यावरून, खोलीच्या मधोमध. भिंत कुठल्या कुठे राहिली होती. तिच्या दोन्ही हातांत कप होते, ती मागच्या दाराकडे बघून शेजारणीला काहीतरी ओरडून सांगत होती आणि पायांकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

मिस्तरींनी तो भिंतीवरचा पट्टा पाहिला. वीस वर्षं ते त्याला मळ म्हणत आले होते. त्यांनी कप हातात घेतला, तसाच धरून ठेवला.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "आणखी कुठपर्यंत घासू?"

"न्हाणीपर्यंत," ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "आणि आतल्या खोलीत माझ्या बाजूने."

मिस्तरींनी चहा संपवला आणि बादली भरायला उठले.