एका ताटाच्या दोन तक्रारी

माझ्या नणंदेची मुलगी तिच्या नव्या केंद्रात जेवत नाही, ही एकच गोष्ट माझ्याकडे दोन तक्रारी होऊन आली. नणंद म्हणत होती, केंद्रातले लोक मुलीला उपाशी ठेवतात. केंद्रातून निरोप आला होता की मुलगी वाढलेल्या ताटाला हातच लावत नाही. दोघांपैकी कुणीही खोटं बोलणारं नव्हतं. मग हे दोन्ही खरं कसं, हे मला बघायचं होतं.

भाचीचं वय अठरा, समज पाच-सहा वर्षांच्या मुलासारखी. बोलते थोडं, ऐकते सगळं. कुंभकोणमच्या विशेष शाळेत ती अकरा वर्षं होती. अठरा पूर्ण झाली की तिथल्या पटावरून नाव जातं, आणि पुढे कुठं जायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. पापनाशम् रस्त्यावर मोठ्यांसाठी दिवसभराचं एक केंद्र आहे. तिथं एक जागा मिळाली, पण महिनाभराच्या बोलीवर. महिन्यात रुळली तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्याची. नणंद एकटी आहे, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. जागा गेली तर नोकरी सोडून घरी बसण्याखेरीज तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

आमच्या घराण्यात कागद म्हटलं की मी. लग्नाचं सामान, रेल्वेची तिकिटं, इस्पितळाची फाइल, सगळं माझ्या वहीतून जातं. भाचीच्या बदलीसाठीही मी यादी केली होती. दिव्यांग प्रमाणपत्र, पालकत्वाचा कागद, गोळ्यांच्या वेळा, आणि त्याखाली तिच्या सवयी: मिक्सरच्या आवाजाला भिते, डाव्या कुशीवर झोपते, भिंतीकडे तोंड करून बसवू नये. सदतीस मुद्दे झाले. केंद्राच्या प्रमुख बाईंनी ते वाचून माझं कौतुकही केलं होतं.

महिना संपायला बारा दिवस उरले होते तेव्हा नणंद मेलकावेरीला आमच्या घरी आली. सोमवारी कलेक्टर कचेरीत तक्रारी घेतात, तिथं द्यायचा अर्ज मी लिहून द्यावा, असं तिचं म्हणणं. पोरगी साडेचारला घरी येते आणि एका बैठकीत चार दोसे खाते, ही काय पोट भरल्याची लक्षणं आहेत का, असं तिनं विचारलं. मी अर्जाचा मायना लिहिला आणि थांबले. न बघितलेल्या गोष्टीची तक्रार मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा काढून बसनं केंद्रात गेले. प्रमुख बाई तिशीच्या असतील. तमिळमध्ये त्यांनी मला आधीच बजावलं, की इथं कुणाला मूल म्हणत नाहीत. ऊठ, बस, खा, झोप, असं कुणी कुणाला सांगत नाही. इथली सगळी माणसं मोठी आहेत, त्यांनी आपापलं ठरवायचं. मला त्या आवडल्या. भाचीला भरवायला त्या तयार नव्हत्या, आणि त्याचं कारणही मला पटलं.

एक वाजता ताटं मांडली. सांबारभात, अवरक्काय म्हणजे घेवड्याची भाजी, ताक. बाकीचे जेवू लागले. भाची मांडीवर हात ठेवून बसली. रुसली नव्हती, घाबरलीही नव्हती. ताटाकडे बघायची, मग जवळून जाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे, मग परत ताटाकडे. मी वहीत लिहीत गेले. जागा बदलून पाहिली, ताटाऐवजी केळीचं पान मागून पाहिलं, चमचा दिला. काही नाही. दीड वाजून गेल्यावर वाढपिणीनं ताट मागितलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी उचलून दिलं. भूक लागलेलं माणूस भरलं ताट इतक्या सहज कसं परत देतं, हे मला उमगेना.

संध्याकाळी मी तिच्याबरोबरच नणंदेच्या घरी उतरले आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले. नणंदेनं दोसा वाढला. भाचीचे हात मांडीवर. दुपारचंच दृश्य. नणंद पाठमोरी झाली, तव्यावर दुसरा दोसा पसरता पसरता म्हणाली, "सावकाश होऊं द्या." भाचीनं पहिला घास तोडला.

"आत्ता काय म्हटलंस तू?" मी विचारलं.

"कुठं काय म्हटलं?" नणंद म्हणाली. "तवा तापला नाही म्हटलं असेल."

तिला खरंच माहीत नव्हतं. मला तरी कुठं होतं? आमच्या इथल्या मराठी घरांत वाढून झालं की घरची बाई हे म्हणते, आणि ते ऐकल्यावरच पानावरचा हात हलतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, मी म्हणते. दिवसातून दोनदा मी हे शब्द बोलते, आणि सदतीस मुद्द्यांत ते मला सुचले नव्हते. श्वास घेते, असं कुणी यादीत लिहितं का?

पण मग शाळेत अकरा वर्षं ती कशी जेवली? तिच्या जुन्या शिक्षिकेला मी तिथूनच फोन लावला. त्या तमिळ. नणंदेनं पहिल्या आठवड्यात त्यांना ते शब्द शिकवले होते, आणि नंतर स्वतःच विसरली होती. शिक्षिका म्हणाल्या, हो तर, मी रोज म्हणायचे, सगळ्या वर्गालाच सवय लागली होती. मला वाटलं तुमच्या देवाचा मंत्र आहे. त्यांनी तो म्हणूनही दाखवला, आमच्यापेक्षा स्पष्ट.

फोन ठेवल्यावर नणंदेनं तवा उतरवून ठेवला. मग म्हणाली, "सदतीस गोष्टी लिहिल्यास, वैनी. पोरीचं जेवण तेवढं राहिलं."

ते माझ्याकडून राहिलं होतं, आणि तिच्याकडूनही. उपाशी मात्र तिसरीच राहिली होती.

सकाळी आम्ही दोघी केंद्रात गेलो. मला वाटलं होतं, सांगितलं की झालं. प्रमुख बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकार दिला. म्हणजे जेवायला परवानगी लागते, असंच ना? त्यांनी विचारलं. शाळेनं तिला तेच शिकवलं, आणि ते मोडायलाच तर आम्ही बसलोय. उद्या मी स्वतः रजेवर असले तर तिनं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

नणंदेचा चेहरा उतरला. मी वही उघडणार होते, पण वहीत याचं उत्तर नव्हतं. बोलली नणंदच.

"परवानगी नाही हो ती," ती म्हणाली. "माझे आजोबा ऐंशीचे होते, त्यांनाही आजी म्हणायची. जावई आला तर त्याला म्हणतात. लहान पोरांना कोण म्हणतं? ती आधीच जेवून मोकळी होतात."

प्रमुख बाईंनी विचारलं, अर्थ काय त्याचा? नणंदेनं सांगितलं, घाई करू नका, निवांत जेवा, एवढाच. आणि ते एकट्याला नसतं, पंगतीतल्या सगळ्यांना असतं.

बाईंनी ते शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन वाढपिणीलाही शिकवले. रजेची अडचण त्यांनी अशी सोडवली, की जी वाढेल तिनं म्हणायचं. मात्र एक अट घातली: भाचीला वेगळं काढून नाही, सगळी ताटं वाढून झाल्यावर सगळ्यांना मिळून.

दुपारी आम्ही दाराबाहेर थांबलो. शब्द ऐकू आले, उच्चार पार तमिळ. दोघे-तिघे वर बघून हसले. भाचीनं भात कालवला. नणंदेनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. भाचीनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती जेवत होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी लॅबमध्ये नणंदेजवळ बसले होते, तेव्हा तिला प्रमुख बाईंचा फोन आला. नणंदेच्या हातात रबरी हातमोजे होते, म्हणून मी घेतला. जागा पक्की झाली होती. पुढे त्या म्हणाल्या, एक तक्रार आहे, ती रसम तिसऱ्यांदा मागते आणि शेवटी बसलेल्यांना उरत नाही. मी ते जसंच्या तसं नणंदेला सांगितलं. ती समोरच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होती. पट्टा आवळून ती म्हणाली, "मागू दे," आणि त्याला मूठ मिटायला सांगितली.