राघूचे दात

भाऊसो तात्यांनी मेंढराचं वय सांगितलं की आटपाडीच्या बाजारात कोणी त्याचं तोंड उघडून बघत नसे. आयुष्यभराची हीच त्यांची कमाई. मी त्यांच्या नातवाच्या वयाचा, तरी ते मला गड्या म्हणतात.

मेंढा विकत घ्यायला निघालेल्या वडूजच्या लालासाहेबांनी फोनवर राघूच्या दातांचा फोटो मागितला, तेव्हा तात्यांना ते लागलं. राघू त्यांचा मेंढा, पोपटासारख्या बाकदार नाकाचा. तो चार दाती, म्हणजे दोन वर्षांचा, असं त्यांनी सांगितलं होतं.

“माज्या शब्दावर आता फोटो मागत्यात!”

“पाठवून टाका की, तात्या.”

मेंढा दांडगा. मी मान धरली, तात्यांनी दोन्ही हातांनी जबडा उघडला. फोन त्यांच्या बायकोकडे, हरणाकाकूंकडे.

“काकू, खालचा पांढरा गोल दाबा.”

“दाबतीया की!”

काहीच होईना. काकूंची बोटं भेगाळलेली. काचेला त्यांचा स्पर्शच कळत नव्हता. त्यांनी बोट ओलं करून जोरात घासलं. पडद्यावर त्या स्वतःच आल्या.

“आगं बया! मी कशाला आले मधी?”

“तुजं दात न्हाई मोजायचं,” तात्या ओरडले. “उरक, चावंल ह्यो!”

“मोजा की. तुमच्यापरीस जास्त हायती.”

पुन्हा घासल्यावर राघू परत आला. मला एकदम आठवलं. “आवं काकू, कडेचं आवाजाचं बटण दाबा.”

फोटो निघाला.

“हे आदी का न्हाई सांगितलंस?” काकू म्हणाल्या.

“मलाही परवाच चुकून कळलं. फोनवर कुठं लिहिलेलंच नाही.”

तात्यांना जवळचं दिसत नाही. मी फोटो मोठा केला. त्यांनी एकेका दातावर बोट ठेवलं. परत ठेवलं. मग राघूच्या तोंडात अंगठा घालून चाचपलं.

सहा होते. म्हणजे राघू तिसऱ्या वर्षाकडे झुकलेला.

“दिवाळीपासनं तोंडच उघडलं न्हवतं,” ते हळू म्हणाले.

“फोटो निघत न्हाई म्हणून सांगा,” काकू म्हणाल्या. “खोटं न्हाई. निघतच न्हवता.”

तात्यांनी ओला अंगठा धोतराला पुसला.

“पाठीव, गड्या. आन् मला बोलायचंय.”

मी फोटो पाठवला आणि माइकचं बटण धरून ठेवलं. ते फोनवर वाकले.

“लालासाब, राघू सहा दाती हाय. चूक माजी. दुसरीकडं बघायचं तर बघा.”

मी बोट उचललं. निरोप गेला.

“ऐकू जाईल न्हवं त्यास्नी?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.